पेट्रोलियम कोणाला करायचंय, भाऊ?

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. घरासमोर गॅसच्या लाइनसाठी रस्ता खोदलाय, 2030 पर्यंत देशाच्या एनर्जीत गॅसचा वाटा 15 टक्के करायचं सरकारचं टार्गेट आहे, म्हणून पोरीला फिजिक्समध्ये जेमतेम मार्क असले तरी ड्रॉप घेऊन पेट्रोलियम इंजिनिअरिंगच, हे तुमचं ठरलंय. ठीक. पण शेवटी सहज लिहून गेलात की "आजकाल आमच्यासोबत जेवायला बसत नाही". मला मार्कांपेक्षा याची जास्त काळजी वाटते. तीन पानांत "आम्ही ठरवलं" किती वेळा आलंय बघा, आणि तिचं एकच वाक्य, तेही तक्रार म्हणून: "गॅस वाढला म्हणून देश वाढतो का देश वाढला म्हणून गॅस वाढतो, हे मला शोधायचंय." तुम्ही याला टाइमपास म्हणता. अहो, अर्थशास्त्रातली मोठी माणसं देशोदेशीचे आकडे घेऊन हाच प्रश्न सोडवतात आणि उत्तर प्रत्येक देशात वेगळं येतं! अकरावीच्या प्रोजेक्टमधून पोरीला हे सुचलं, कौतुक करा तिचं.

आता तुमचा एक गैरसमज. गॅस वाढणार म्हणजे पेट्रोलियम इंजिनिअर लागणार, असं सरळ नसतं. त्याचं मुख्य काम विहिरीतून तेल-गॅस काढायचं, आणि आपण वापरतो त्यातला जवळपास अर्धा गॅस तर बाहेरून येतो, उणे 162 डिग्रीला थंड करून, द्रव बनवून, जहाजाने, गुजरातेतल्या दहेज आणि कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरतो. पुढे पाइप, प्रेशर, मीटर हे मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशनवाले बघतात. आणि पैशाचं? युरिया गॅसपासूनच बनतो, बाहेर गॅस महागला की शेतकऱ्याच्या गोणीचा भाव तोच राहतो पण सरकारची सबसिडी फुगते, तो हिशोब अर्थशास्त्रवाल्यांचा असतो आणि तुमची पोरगी नेमकी तिथेच पोचलीये. 15 टक्क्यांचं म्हणाल तर आज वाटा सहा-सातच्या आसपास आहे, त्या आकड्यावर तिचं एक वर्ष लावू नका.

पेट्रोलियमच हवं असेल तर जेईई आहेच. पण माझं मत विचाराल तर ड्रॉप नको, इकॉनॉमिक्स घेऊ द्या, नागपुरात होतं, पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे, पुढे एमए करून यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसही देता येते. गणित मात्र सोडू देऊ नका, या विषयात ते पावलोपावली लागतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. सोबत ती प्रोजेक्टची वही पण, आकडे तिने कुठून काढले ते मला बघायचंय.