भाच्याला बोलू की गप्प बसू?

प्रश्न : माझा भाचा दारू पितो, घरात पगार देत नाही. मी बोलले, तर ‘कोणाचे दोष काढू नका, असं प्रभूनेच सांगितलंय’ म्हणून त्याने माझं तोंड बंद केलं. इकडे प्रार्थनासभेत मात्र ‘त्याच्यासाठी विनंती आहे’ म्हणत त्याच्याच घरावर अर्धा तास चर्चा चालते. मी काय करावं? – एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : भाच्याने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातलं पहिलं वचन ऐकवलं, पाचव्यापर्यंत तो पोचला नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तिथे आहे. कुसळ काढायचंच आहे, फक्त आपला नंबर आधी.

तुमचं मुसळ दारूचंच असेल असं नाही. भाच्याच्या आईशी तुमचा अबोला असेल, सुनेला टोमणे चालू असतील, तर ते आधी मिटवा. नाहीतर तुम्ही दारात पाऊल टाकताच तो तोच विषय काढेल, आणि त्याचं चुकणार नाही.

पुढचा क्रम मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. पहिली भेट दोघांतच. बायको-मुलांसमोर नको, फोनवर नको, तो पिऊन आलेला असताना तर मुळीच नको. रात्रपाळी करत असेल तर झोप झाल्यावर गाठा. ‘तू वाया गेलास’ हा निवाडा झाला. ‘या महिन्यात घरात पैसे आले नाहीत, शाळेची फी राहिली’ एवढं तुम्हाला माहीत आहे, तेवढंच बोला. एकदाच जावं असं काही नाही. व्यसन जुनं असेल तर डॉक्टरकडे स्वतः बरोबर जायची तयारी ठेवा. पौलाचं गलतीकरांस पत्र (६:१) सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतं, आणि त्याचा खरा खर्च हाच असतो.

ऐकलं नाही, तर एक-दोघांना बरोबर न्या. इथेच बहुतेक वेळा बिघडतं, कारण लोक आपल्याच बाजूचे दोघे नेतात. दोन-तीन साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (१९:१५) आहे. एकट्याच्या बोलण्यावर कोणी दोषी ठरू नये म्हणून तो आहे. तेव्हा एकजण तरी भाच्याचा विश्वासातला हवा, आणि त्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात. त्यानंतरच पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद. तिथेही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा, म्हणजे तेव्हा लोक ज्याला दूर ठेवत तसा, समजा, असं वचन आहे. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या पंगतीला बसला होता, तेव्हा बहिष्काराची घाई नको.

बायकोला मारहाण होत असेल, तर मात्र या पायऱ्या चढत बसू नका. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

प्रार्थनासभेत शेवटची पायरी पहिली झाली आहे. जो विनंती मांडतो तो त्या माणसाला आधी भेटला आहे का, त्याने नाव घ्यायला हो म्हटलं आहे का, हे सभा चालवणाऱ्या बाईंनी विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर विषय तिथेच थांबवावा. ‘आमच्या गल्लीतलं एक घर’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतंच, त्यामुळे ती पळवाट चालणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीतली एक बहीण गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, बांगड्यांचं दुकान लावते. तिला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) द्यावं का, असा वाद आहे. – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : जरूर द्यावं. करिंथच्या बाजारात विकलं जाणारं मांस मूर्तीला वाहिलेलं असू शकायचं, तरी ते चौकशी न करता खा, असं प्रेषित पौलाने लिहिलं (१ करिंथ १०:२५). ही तर बांगड्या विकते. मूर्तीपूजेत सहभाग हा वेगळा प्रश्न आहे, तो त्याच अध्यायात २१व्या वचनात येतो, पण दुकान म्हणजे पूजा नव्हे. प्रभुभोजनाआधी ज्याने त्याने स्वतःची परीक्षा करायची असते (११:२८), शेजारणीची नाही. वाद घालणाऱ्यांतले कितीजण त्याच गड्ड्यावर मुलांना पाळण्यात बसवायला नेतात, तेही पाहा. आणि तिच्याशी अजून कोणी थेट बोललंच नसेल, तर पंचांपुढे विषय नेण्याआधी तिला भेटा.