टॅरिफ लादला, लादली की लादलं?

प्रश्न असा आहे : ट्रम्प यांनी टॅरिफ ‘लादला’, ‘लादली’ की ‘लादलं’? आणि मोबाइलच्या टॅरिफ प्लॅनमधला टॅरिफ तोच का?

तोच. आणि आधी ते ‘टॅरिफ कर’, ‘टॅरिफ शुल्क’ थांबवा बुवा! ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ अधिक २५ टक्के लावले, तेव्हापासून हे ‘पिवळं पीतांबर’ रोज कानांवर आदळतंय.

अरबीत ‘तारीफ’ म्हणजे ओळख करून देणं, माहीत करणं. बंदरात कोणत्या मालाला किती पैसे हे माहीत करून देणारी यादी, ती इटालियनमध्ये ‘तारिफ्फा’ झाली आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरली. म्हणजे मोबाइल कंपनीचं दरपत्रक हाच मूळ अर्थाला जवळचा वापर. शुल्क हा अर्थ मागाहून चिकटला. आपली तारीफ, म्हणजे स्तुती, तीही तीच. उर्दूत ‘आपकी तारीफ?’ म्हणून परिचय विचारतात, त्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे. मारफत आणि ऊर्फसुद्धा याच धातूचे. चुलतभाऊ घरात असताना हा पाहुणा कसला!

स्पेनमधल्या तारिफा गावी चाचे टोल घेत, त्यावरून टॅरिफ, ही कहाणी सांगणाऱ्यांनी अरबी अक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीत. त्या गावाच्या नावातला ‘त’च वेगळा. ते घराणं आपल्या ‘तर्फे’चं.

मग टॅरिफला मराठीत सरळ ‘जकात’ म्हणावं, तर ‘जकात म्हणजे फक्त नाक्यावरची, महापालिकेची’ असं एका जाणकारांनी ठणकावलंय. मुंबईची जकात २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर गेली, म्हणून शब्दही गेला की काय? शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र वाचा. पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, व्यापारी तिकडेच वळतात, आपलं मीठ पडून राहतं; तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवा. देशी मालाच्या रक्षणासाठी परमुलखातल्या मालावर कर! याला टॅरिफ नाही तर काय म्हणायचं? आणि महाराजांच्या कारभारात चालला तो शब्द बातमीदारांना का चालू नये? त्यापुढे टॅरिफसाठी ‘प्रशुल्क’ सुचवणाऱ्यांना तर माझा दुरूनच नमस्कार.

लिंगाचं राहिलंच. जकात लादली, शुल्क लादलं. टॅरिफचं वापरणाऱ्याने बघावं.