डंपवर सोलर? आधी खुंट्या मारा

प्रश्न : काका, आमचं गाव उमरेडजवळ. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या मातीचा डोंगर गावाला लागूनच आहे. वर 10 एकर तरी सपाट असेल. तिथे सोलर लावता येईल का?

उत्तर : येईल, आणि तुम्ही हे विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. 31 वर्षं खाणीत सर्व्हेअर होतो. असे डंप वाढताना पाहिले, त्यांचं पुढे काय करायचं हे विचारणारा क्वचित भेटला.

डंप म्हणजे जमीन नव्हे. काळी माती, मुरूम, फुटलेला दगड असं सगळं डंपरने ओतलेलं असतं. ते वर्षानुवर्षं बसत राहतं, आणि सगळीकडे सारखं बसत नाही. एका डंपवर मी पावसाळ्याआधी लोखंडी खुंट्या मारल्या होत्या. दिवाळीनंतर लेव्हल घेतली, म्हणजे त्यांची उंची मोजली, तर एक खुंटी 4 सेंटिमीटर खाली गेलेली, 15 पावलांवरची दुसरी 19! पॅनेलची एकच रांग त्या दोन जागांवर उभी असती तर सांगाडा पिळवटून काचा तडकल्या असत्या. म्हणून दोन पावसाळे मोजमाप घ्या. मगच पॅनेल, तेही खोल पाया न खणता, वर ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर. ढिगात कोळशाचे तुकडे असतात. खणलं की हवा शिरते आणि ते आतल्या आत धुमसू लागतात. कुठे वाफ दिसली, गंधकाचा वास आला, तर ती जागा सोडा. उतारावर गवत आणि बांबूच बरे.

10 एकरांत साधारण 2 मेगावॉट बसतात, म्हणजे वर्षाला अंदाजे 28 लाख युनिट. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल तापून वीज कमी देतात, ते हिशेबात धरा.

खाणीसाठी आलेली वीजवाहिनी अजून उभी आहे का, तेही बघा. कॅनडात किंबर्ली गावी बंद झालेल्या शिसे-जस्ताच्या खाणीच्या जागेवर 2015 मध्ये 1 मेगावॉटचा प्रकल्प झाला, तेव्हा जुन्या वाहिन्या कामी आल्या. सुरुवातीला त्याची मालकी नगरपालिकेची होती. मला ते फार मोलाचं वाटतं. ज्या गावाने धूळ खाल्ली, वीज आधी त्याच गावाची.

जागा बहुधा अजून खाण कंपनीच्या ताब्यात असेल. कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात पैसे, हे 2009 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ग्रामसभेचा ठराव करून त्या आराखड्याची प्रत मागा.

खुंट्या मात्र पावसाळ्याआधी मारा. माझं लेव्हल मशीन अजून चालू आहे. बोलवा, नागपूरहून पहिल्या बसने येतो.