पीटी१०० सेन्सर दोन तारांनी मायक्रोकंट्रोलरला जोडला आहे, तापमान अडीच अंश जास्त का दिसतं?

सेन्सर बहुधा ठीक आहे. वरचे अडीच अंश जोडणीच्या तारांच्या रोधामुळे येतात आणि चार तारांची जोडणी केली की ते जातील. पीटी१०० हा रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा सेन्सर; त्याचा रोध ०° सेल्सिअसला १०० ओहम असतो आणि पुढे अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहमने वाढतो. त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा मिळून १ ओहम झाला, तरी तापमान २.६ अंशांनी चढतं. चार तारांत एक जोडी प्रवाह नेते, दुसरी फक्त व्होल्टेज मोजते. या दुसरीतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून तिच्या रोधाने फरक पडत नाही. तीन तारांनीही भागतं, पण तिन्ही अगदी सारख्या हव्यात.

खात्री करायची तर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात सेन्सर खोल बुडवून ठेवा आणि आकडा स्थिरावू द्या. तिथे १०० ऐवजी १०१ ओहम दिसले, तर दोष बहुधा तारांचा समजा.

हे करतानाच आणखी दोन गोष्टी सांभाळा:
- प्रवाह १ मिलिअँपिअर किंवा कमी ठेवा, नाहीतर सेन्सर स्वतःच तापतो.
- तोच प्रवाह एका स्थिर, अचूक रोधकातून नेऊन सेन्सरवरच्या आणि रोधकावरच्या व्होल्टेजचं गुणोत्तर घ्या. मग प्रवाह थोडा हलला तरी बिघडत नाही. माझ्या मते महागड्या एडीसीपेक्षा (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपपेक्षा) या रोधकावर खर्च करणं जास्त शहाणपणाचं.

मात्र चार तारांनी सेन्सरची मूळ चूक जात नाही. ०° ला बी अचूकता-वर्गाच्या सेन्सरला ±०.३ आणि ए वर्गाच्या सेन्सरला ±०.१५ अंशांच्या चुकीची मुभा असते. त्याहून बारीक अचूकता हवी असेल तर कॅलिब्रेशन करावंच लागेल.