‘त्याला चढतच नाही’ म्हणजे झेपतं?

सतरा वर्षांचा मुलगा, बारावीत. मित्राकडून स्ट्राँग बीअरची अख्खी बाटली पिऊन आला, जिना नीट चढला, हात धुऊन जेवायला बसला. आईला वासावरून कळलं. समुपदेशनाला आल्यावर वडिलांचं एकच पालुपद: “त्याला चढतच नाही हो. म्हणजे झेपतं ना?” (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी हिशेब मांडला. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे जवळपास ४१ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. पोरगा चार पेग पोटात घेऊन जिना चढला होता.

मग उंदरांचं सांगितलं, कारण मुलांना दारू पाजून कोणी तपासत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर २८ ते ४२ दिवसांचा असताना वयात येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांच्या गटाने दारू टोचलेले उंदीर उताणे ठेवले आणि ते चारी पायांवर कधी येतात ते मोजलं. कोवळे लवकर उठले. पण उठले त्या क्षणी त्यांच्या मेंदूत दारू मोठ्यांपेक्षा जास्त होती. ती उतरली नव्हतीच, गुंगी आणून थांबवणारा ब्रेक अजून कच्चा होता. थोड्या दारूवर कोवळे उंदीर एकमेकांशी जास्त खेळतातही. मित्रांत बसून प्यायची गोडी अशीच लागत असावी.

बारावीच्या पालकांनी लक्षात ठेवावा तो १९९८ सालचा प्रयोग. पाण्याच्या टाकीत लपवलेला चौथरा शोधायचा. ज्या मात्रेला मोठे उंदीर जागा शिकत होते, त्याच मात्रेला कोवळे चुकत होते. पाय शाबूत, स्मरण नाही.

आईने जाता जाता गरोदर भाचीचं विचारलं, “घोटभर वाइन चालेल?” नाही. उंदराच्या सात दिवसांच्या पिल्लाचा मेंदू माणसाच्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या बाळासारखा वाढत असतो. एका दिवसाच्या जबर मात्रेने त्यातल्या असंख्य पेशी मेल्याचं २००० साली दिसलं. कमी मात्रा सुरक्षित आहे, असं कोणी दाखवलेलं नाही.

वडिलांना सांगितलं, घरी बसवून ‘सवय’ लावू नका. कधी तो हाका मारूनही उठेना, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ला फोन करा. आणि ओरडण्याआधी विचारा: किती, कोणाबरोबर, काय आठवत नाही?

मुलाला तेच विचारलं. जिना आठवत होता. मित्राकडून घरापर्यंत बाइक कोणी चालवली, ते आठवत नव्हतं.