सी प्रोग्रॅम ‘-एसटीडी=सी९९’ देऊन कंपाइल करतोय. स्ट्रिंग डॉट एच ही हेडर जोडलेली असूनही ‘स्ट्रडप’ला (स्ट्रिंगची प्रत करणारं फंक्शन) ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ची, म्हणजे फंक्शन आधी जाहीर न करता वापरल्याची, एरर का येते? जुन्या कंपायलरवर नुसती वॉर्निंग यायची.

तुम्ही दिलेल्या कमांडमधलं ‘-एसटीडी=सी९९’ हे कारण. स्ट्रडप सी९९ स्टँडर्डमध्ये नाही, ते पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डचं, फंक्शन आहे. हा फ्लॅग दिला की लिनक्सवरची सीची लायब्ररी जीलिबसी अशी जास्तीची फंक्शन्स झाकून ठेवते. हेडर जोडली जाते, पण त्यातली स्ट्रडपची ओळ कंपायलरपर्यंत पोचतच नाही.

फ्लॅग बदलून ‘-एसटीडी=जीएनयू९९’ करा, काम होईल. सी९९ ठेवायचंच असेल तर ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ हा मॅक्रो (सगळी अक्षरं कॅपिटल) २००८०९एल या किमतीने डिफाइन करा. मात्र ही ओळ फाइलमधल्या पहिल्या इन्क्लूडच्याही वर हवी. एखादी सिस्टिम हेडर आधी आली तर काय दाखवायचं ते ठरून गेलेलं असतं, मग मॅक्रोचा उपयोग नाही.

आता वॉर्निंगची एरर का झाली? १९८९ च्या सीमध्ये न सांगितलेलं फंक्शन इंट (पूर्णांक) परत करतं असं धरायची मुभा होती. सी९९ ने ती काढली, तरी कंपायलर बरीच वर्षं चालवून घेत होते. क्लँग १६ आणि जीसीसी १४ पासून ती सरळ एरर आहे, आणि ते योग्यच झालं. ६४ बिट मशीनवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा. स्ट्रडपने दिलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि पुढे कुठेतरी सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणं) येतो. पत्ता लहान असला तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालतोही, म्हणून हा बग सापडायला त्रास देतो. अशा ओळीवर कॅर पॉइंटरचा कास्ट (जबरदस्तीने टाइप बदलणं) टाकू नका. त्याने ‘इंटपासून पॉइंटर’ ही दुसरी वॉर्निंग तेवढी गप्प होते, पत्ता तुटकाच राहतो.

कुठल्या फंक्शनला कोणती हेडर आणि कोणता मॅक्रो लागतो हे ‘मॅन ३ स्ट्रडप’ अशा कमांडने वरच्याच भागात दिसतं.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही एरर मात्र लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) तक्रार आहे, तिथे हेडर शोधत बसू नका. स्क्वेअररूटसाठी मॅथ डॉट एच जोडूनही ती आली तर कमांडच्या शेवटी, सोर्स फाइलच्या नंतर, ‘-एलएम’ (मॅथ लायब्ररी जोडणारा फ्लॅग) लावा.