भावाची गाडी घेऊन शाळेत जाण्याआधी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: भावाने स्पॉन्सर केलेल्या ग्रीन कार्डाचा व्हिसा हातात आलाय, बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकहून ह्यूस्टनला येताय, भावाच्या स्टोअरवर बसणार आहात. भाऊ कमरेला पिस्तूल लावतो. जिथे ते नेता येत नाही तिथे जाताना गाडीत कसं ठेवायचं, आणि आपणही घ्यावं का? शिवाय मुलीच्या शाळेचं आणि इथल्या एकटेपणाचंही विचारलंत.

बंदीच्या जागांची यादी टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या (डीपीएस) साइटवर मिळेल, ती इथे उतरवत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला मात्र वेगळंच दिसतंय. आल्या आल्या तुमच्याकडे स्वतःची गाडी नसणार. भावाची न्याल. पहिली कामं कोणती? सोशल सिक्युरिटीचं ऑफिस, लायसन्स, पोस्ट, मुलीची शाळा. आणि भावाचं पिस्तूल दोन सीटच्या मधल्या कन्सोलमध्ये असेल. त्याला इतकी सवय झालेली असते की तो सांगायला विसरतो.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे इथे आलेला प्रत्येक जण म्हणतो, 'परवाना कशाला?' शाळेसाठी! शाळेच्या आवारापासून १००० फुटांपर्यंत केंद्राचा वेगळा बंदूकबंदीचा कायदा लागतो. त्या राज्याचा परवाना असेल तर सूट आहे. नसेल तर पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद पेटीत हवं. मुलीला सोडायला रांगेत उभी असलेली गाडी त्या हद्दीतच असते. पोस्टाचा नियम तर त्यांच्या अख्ख्या जागेला आहे, पार्किंगसकट. त्यावर कोर्टात वाद चालू आहेत, पण तो वाद तुमच्या नावावर कशाला हवा? आणि हे कुणी पुढे होऊन सांगणार नाही: बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. सिटिझनला दंडावर सुटणारी गोष्ट आपल्याला घरादारासकट भोवू शकते.

(एच-वन-बी, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी पिस्तुलाचा विचारच करू नये. केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नाहीच.)

आता गाडीत कसं ठेवायचं. ग्लव्ह बॉक्सचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडतं, ते धरूच नका. पोलादी लॉक बॉक्स मिळतो, त्याची जाड केबल सीटखालच्या लोखंडी पट्टीला गुंडाळून अडकवतात. माझ्या नवऱ्याचा ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. तो पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानातून, कधीच काढत नाही. पट्ट्याची क्लिप सोडवतो आणि होल्स्टरसकट पेटीत ठेवतो, म्हणजे ट्रिगर झाकलेलाच राहतो. गाडीत बसून गोळ्या काढ-घाल करण्यात अपघात होतात. आणि हे सगळं पोहोचल्यावर करायचं नाही. पार्किंगमध्ये वाकून सीटखाली काहीतरी ठेवणारा माणूस कुणीतरी बघतच असतो. तो आत गेला की काच फुटते. घरून निघतानाच पेटीत टाकायचं. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर असेल तर भावाला खरवडायला सांगा. गाडी रात्रभर बाहेर असेल तर पिस्तूल घरात आणायचं. सर्व्हिसिंगला किंवा व्हॅलेला (हॉटेलाच्या दारात गाडी ताब्यात घेऊन पार्क करणाऱ्याला) देताना आधी काढायचं. सीरियल नंबर घरच्या वहीत लिहून ठेवा. इथे सरकारदरबारी बंदुकीची नोंद नसते, चोरी झाली तर पोलीस तोच नंबर मागतात.

टेक्सासमध्ये उभ्या गाडीत पेटी सक्तीची नाही. कॅलिफोर्नियात आहे, कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून आहे. पण १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर टेक्सासमध्येही गुन्हाच. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे. कन्सोलमध्ये ती चॉकलेट शोधणार.

गणपतीतही हा प्रश्न येतो. आमच्याकडे कार्यक्रम शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन होतो. शनिवार असला तरी इमारत शाळेचीच, पिस्तूल आत चालत नाही. आरतीला उभी राहिले की माझं अर्धं लक्ष पार्किंगमधल्या गाडीत असतं.

मी कोथरूडची. लग्नाआधी बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनची डबल-बॅरल, तेवढीच. इथे नवऱ्याच्या दुकानात एका रात्री दोघे जण घुसले, काउंटरवर पिस्तूल टेकवलं, गल्ला घेऊन गेले. त्यानंतर त्याने घेतलं. 'नको' म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आजही नाही. पण गाडी एकच होती आणि सकाळी ती घेऊन शाळेत जाणारी मी. म्हणून परवाना मी काढला. परीक्षेत ५० गोळ्या माराव्या लागतात. ३, ७ आणि १५ यार्डांवरून. पास झाले. नवरा खूश, आणि मी घरी येऊन न्हाणीघरात रडले. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

शाळेचं विचारलंच आहे तर सांगते, हे मला अजून सलतं. प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म असतो. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. मुलगा पुण्याला इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत होता, घडाघडा बोलायचा. तरी इंग्रजीची चाचणी झाली, नव्या शाळेत बावरलेलं पोर गप्प राहिलं, आणि त्याला इंग्रजी शिकवायच्या गटात टाकलं. तिथून बाहेर काढायला मी पत्रांवर पत्रं लिहिली. 'वर्षअखेरीस बघू,' एवढंच उत्तर. तोवर तो घरीही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागला होता. आई मराठी बोलते म्हणून आपल्याला वेगळं बसवलं, असं त्याने मनाशी ठरवलं. तरीही तुम्ही मराठीच लिहा. फक्त चाचणीच्या आधी मुलीला शाळा दाखवून आणा, बाईंशी दोन शब्द बोलू द्या.

त्याच शाळेत लॉकडाउन ड्रिल होते, म्हणजे कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं त्याचा सराव. दिवे बंद करून, कोपऱ्यात, आवाज न करता बसायचं. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्या आठवड्यात मुलाने मागच्या सीटवरून विचारलं, 'बाबांची गन गाडीत आहे ना?' ती असल्याने त्याला धीर येत होता की भीती वाटत होती, मला विचारवलं नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. बायकोला पहिल्या महिन्यातच गाडी शिकवा, निम्मा कमी होतो.

तुम्ही घ्यावं का? पहिलं वर्ष नको. स्टोअरवर रात्री एकटे बसणार असाल तर नंतर बघा, आधी परवाना, मग पिस्तूल. आणि भावाशी विमानतळावरून घरी जातानाच बोला, बायकोसमोर. त्याला राग येईल, येऊ दे. तुम्ही किंवा तुमची बायको त्याची गाडी नेणार असाल तर चावी देण्याआधी त्याने पिस्तूल काढून घरात ठेवायचं, आणि तुम्ही कन्सोल, दोन्ही सीटखाली, दारांचे कप्पे स्वतः हात घालून बघायचे. 'काढलंय' असं त्याने सांगितलं तरी.